छंद म्हणून भाषानिर्मिती : गुप्त लिपी, व्यापारी बोली आणि कलात्मक भाषा

प्रस्तावना

भाषा ही कोणा एका व्यक्तीची निर्मिती नसून ती समाजाच्या दीर्घकालीन व्यवहारातून घडत जाते, हे विधान भाषाविज्ञानाच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत आढळते आणि ते यथार्थ आहे. तथापि या नियमाला जाणीवपूर्वक छेद देणारी काही माणसे असतात. ध्वनी, शब्द, प्रत्यय, अनियमित रूपे आणि प्रसंगी लिपी यांसह एक संपूर्ण भाषा ती एकट्याने रचतात. ती भाषा कोणी बोलणार नाही याची त्यांना पूर्ण कल्पना असते, तरीही हा उद्योग ती आयुष्यभर सोडत नाहीत. अशा भाषांना 'कलात्मक कृत्रिम भाषा' असे म्हणता येईल. डॉ. झामेनहोफ यांनी १८८७ साली प्रसिद्ध केलेली एस्पेरान्तो कृत्रिम असली तरी या वर्गात बसत नाही; कारण तिचा हेतू राष्ट्राराष्ट्रांतील संवाद हा होता. कलात्मक भाषेला असा हेतू नसतो. चित्रकाराने चित्र काढावे तशी ती केली जाते.

मराठी मुलखात भाषेशी असा खेळ पूर्वापार चालत आला आहे. मात्र त्याची प्रेरणा बहुधा वेगळी होती. प्रस्तुत लेखात या देशी परंपरेच्या शेजारी कलात्मक भाषानिर्मिती ठेवून 'रचलेली भाषा' आणि 'झाकलेली भाषा' यांतील भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. टेंभुर्णीसारख्या, सोलापूर जिल्ह्यातील बहुभाषिक परिसरात अध्यापन करणाऱ्यांसाठी हा भेद केवळ कुतूहलाचा विषय नाही. त्याचे कारण लेखाच्या उत्तरार्धात येईल.

बाजारातील नंदभाषा

पुणे-सोलापूर महामार्गावरील टेंभुर्णी हे माढा तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. या भागातील शेतकऱ्याला सांगोल्याचा जनावरांचा बाजार आणि पंढरपूरच्या यात्रेतील बाजार परिचयाचे आहेत. तेथे दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली किंवा रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून बैलाचा भाव ठरवतात, हे दृश्य अनेकांनी पाहिलेले असते. बोटांनी जे साधते तेच शब्दांनी साधण्यासाठी व्यापाऱ्यांनी नंदभाषा वापरली. मोल्सवर्थ याच्या मराठी-इंग्रजी कोशात तिची नोंद आहे. एकाला केवली, दोनाला आवारू, तिनाला उधानू, चाराला पोकू, पाचाला मुळू अशी तिची संख्यानामे आहेत.

ही नावे ऐकताना गंमत वाटते. पण नंदभाषा 'भाषा' आहे काय? 'पोकू रुपयांना दे' या वाक्यात परका शब्द एकच आहे. 'रुपयांना' मधील विभक्ती मराठी, 'दे' हे आज्ञार्थी रूप मराठी, शब्दक्रमही मराठीच. म्हणजे मराठीच्या घरात काही वस्तूंवर बुरखा घातला आहे, घर बदललेले नाही. मुलांची 'च'ची भाषा याच जातीची होय. शब्दाच्या आधी 'च' लावून पहिले अक्षर शेवटी नेले की 'मला'चे 'चलाम' होते. नियम कळला की भाषा संपली. किंबहुना म्हणूनच मुले ती चार दिवसांत शिकतात आणि चार वर्षांत विसरतात.

महानुभावांच्या लिपी

याहून गंभीर उदाहरण महानुभाव पंथाचे आहे. चक्रधरांनी आग्रहाने लोकभाषेत निरूपण केले आणि त्यामुळे 'लीळाचरित्रा'सारखे मराठी गद्य निर्माण झाले. पुढे याच पंथाने आपले ग्रंथ गुप्त लिप्यांत नेले. 'सह्याद्रिवर्णन' लिहिणाऱ्या रवळोव्यासांनी चौदाव्या शतकात सिद्ध केलेली सकळ लिपी ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. तिच्याखेरीज सुंदरी, वज्र, अंक, शून्य, सुभद्रा, मनोहरा अशा अनेक लिप्या पंथाच्या निरनिराळ्या शाखांत प्रचलित होत्या. ही नावे पाहिली तर लिपी घडविणाऱ्यांना केवळ गुप्ततेत रस होता असे म्हणवत नाही. 'सुंदरी' किंवा 'मनोहरा' हे नाव कुलपाला कोणी देत नाही.

तरीही रचनेच्या दृष्टीने सकळ लिपी हे अक्षरांच्या अदलाबदलीचे तंत्र आहे. एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर येते; आतील मराठी तशीच राहते. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीची उकल केली. वि. ल. भावे यांच्या 'महाराष्ट्र सारस्वता'ने हे वाङ्मय वाचकांसमोर आणले, तेव्हा आत अस्सल यादवकालीन मराठी सुरक्षित सापडली. गुप्त लिपीने एक भाषा जतन केली असे म्हणता येते. तीच भाषा सहाशे वर्षे इतर मराठी वाचकांपासून दूर ठेवली असेही म्हणता येते. दोन्ही विधाने खरी आहेत. नवी भाषा मात्र तिने निर्माण केली नाही.

गुणाढ्याची पैशाची

महाराष्ट्राच्या भूमीशी निगडित आणखी एक कथा या विषयाच्या गाभ्याजवळ जाते. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन राजाच्या दरबारातील गुणाढ्य या पंडिताची हकिगत आहे. राजाला संस्कृत शिकविण्याच्या पैजेत तो शर्ववर्म्याकडून हरला आणि पणाप्रमाणे संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषा त्याने सोडल्या. विंध्याच्या अरण्यात तो पैशाची शिकला आणि तिच्यात त्याने सात लक्ष श्लोकांची 'बृहत्कथा' स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती भाषा हिणकस मानून ग्रंथ नाकारला. तेव्हा गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवीत अग्नीत टाकू लागला. चरणे विसरून ऐकणाऱ्या पशूंचे मांस शुष्क झाले, राजाच्या पाकशाळेपर्यंत त्याची वार्ता गेली, आणि राजा धावत आला तेव्हा एकच लक्ष श्लोक उरले होते.

पैशाची ही प्रत्यक्ष कोणाची बोली होती की वाङ्मयीन संकेत होता, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मूळ 'बृहत्कथा' उपलब्ध नाही. परंतु प्राकृत वैयाकरणांनी पैशाचीची जी लक्षणे दिली आहेत ती येथे महत्त्वाची आहेत. घोष व्यंजन अघोष होते. म्हणून 'दामोदर'चे 'तामोतर' होते. 'च'च्या भाषेतही नियम आहे. मग फरक कोणता? 'च'चा नियम ऐकणाऱ्याला चकविण्यासाठी शब्दावर बाहेरून लादलेला असतो. पैशाचीचा नियम हा ध्वनिपरिवर्तनाचा नियम आहे. जिवंत भाषा ज्या रीतीने बदलतात त्याच रीतीचा तो आहे. कलात्मक भाषा रचणारा नेमकी हीच रीत हाती घेतो.

टोल्कीन : आयुष्यभराचा छंद

या छंदाचे सर्वांत परिपूर्ण उदाहरण म्हणजे ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. आर. आर. टोल्कीन (१८९२-१९७३). त्यांचा प्रवास मुलांच्या गुप्त भाषेपासूनच सुरू झाला. त्यांच्या मामे-मावस भावंडांत प्राण्यांची नावे आणि संख्या यांवर आधारलेली एक बोली चाले. तिच्यात गाढवाला चाळीस म्हणत. पुढे इंग्रजी, फ्रेंच व लॅटिन शब्दांची मोडतोड करून 'नेव्हबॉश' तयार झाली, आणि त्यानंतर स्पॅनिशच्या प्रभावाखाली 'नफारिन'. नफारिनपाशी एक वळण आले. ती कोणाशी गुपचूप बोलण्यासाठी नव्हती. तिच्या निर्मात्याला तिचा नाद आवडत होता, एवढेच तिचे प्रयोजन.

विद्यार्थिदशेत एक्झेटर कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांना फिनिश भाषेचे व्याकरण मिळाले आणि त्या ध्वनिव्यवस्थेने ते भारावून गेले. तिच्या प्रभावातून 'क्वेन्या' ही भाषा आकारास आली. १९१५ च्या सुमारास तिचा शब्दकोश त्यांनी सुरू केला होता. वेल्श भाषेच्या ध्वनींवरून दुसरी भाषा उभी राहिली, तिला पुढे 'सिंदारिन' हे नाव मिळाले. पहिल्या महायुद्धात टोल्कीन संदेशवहन अधिकारी होते. दिवसा सैन्याचे संकेत आणि मोकळ्या वेळी स्वतःची भाषा, असा तो काळ होता. संकेत आणि भाषा यांतील अंतर त्यांच्याइतके जवळून क्वचितच कोणी पाहिले असेल.

२९ नोव्हेंबर १९३१ रोजी ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात त्यांनी या छंदावर एक व्याख्यान दिले. त्याचे शीर्षक 'एक गुप्त व्यसन' अशा अर्थाचे आहे. पोक्त प्राध्यापकाला हा छंद चारचौघांत सांगताना संकोच वाटत होता, हे त्यातून दिसते. लष्करी प्रशिक्षणाच्या एका कंटाळवाण्या तासाला शेजारी बसलेला एक सैनिक स्वतःशीच पुटपुटला की, आपण द्वितीया विभक्ती उपसर्गाने दाखवायची, ही आठवण त्यांनी त्या व्याख्यानात सांगितली. मराठीत बोलायचे तर 'रामाला' ऐवजी 'लाराम' म्हणावे असा तो निर्णय होता. तो सैनिक आपली भाषा कोणाला दाखवायला तयार नव्हता. टोल्कीनना त्याच्याविषयी वाटलेली आत्मीयता हा त्या व्याख्यानातील सर्वांत हृद्य भाग होय.

टोल्कीन यांच्या भाषांचे खरे वैशिष्ट्य त्यांच्या इतिहासात आहे. क्वेन्या आणि सिंदारिन या एकाच कल्पित मूळ भाषेच्या दोन शाखा आहेत. झाडाला क्वेन्यात 'अल्दा' तर सिंदारिनमध्ये 'गलध'. शब्दाला क्वेन्यात 'क्वेत्ता' तर सिंदारिनमध्ये 'पेथ'. मूळचा ओष्ठ्यरंजित 'क्व' एका शाखेत राहिला, दुसरीत त्याचा 'प' झाला. मराठीच्या अध्यापकाला ही प्रक्रिया अपरिचित नाही. 'हस्त-हत्थ-हात', 'कर्ण-कण्ण-कान' ही मालिका आपण वर्गात फळ्यावर लिहितो. संस्कृत 'द्वि'च्या 'द्व'चे मराठीत 'दोन' झाले, गुजरातीत 'बे' झाले; आणि मराठीच्या आतही 'दोन' म्हणणारा माणूस पुढे 'बारा', 'बावीस', 'बेचाळीस' म्हणतो. ही विसंगती कोणी ठरवून केलेली नाही. टोल्कीन अशा विसंगती ठरवून निर्माण करीत, पण त्या आपोआप झाल्यासारख्या दिसाव्यात म्हणून आधी ध्वनिनियम रचत आणि मग ते शब्दांवर चालू देत. नियम बदलला की शेकडो शब्द बदलत, आणि एखादे आवडते नाव वाचविण्यासाठी नव्याने व्युत्पत्ती शोधावी लागे. हे काम संपणे शक्यच नव्हते. मृत्यूपर्यंत ते चालू राहिले आणि क्वेन्याचे अंतिम असे व्याकरण अखेरपर्यंत सिद्ध झाले नाही. 'द हॉबिट' (१९३७) आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या कथांविषयीही, भाषांना जग मिळावे म्हणून आपण त्या लिहिल्या, भाषा कथांसाठी केल्या नाहीत, असे ते सांगत.

टोल्कीन यांच्या नंतर या छंदाला व्यवसायाचे रूप आले. मार्क ओक्रँड यांनी चित्रपटासाठी रचलेल्या क्लिंगॉनचा कोश १९८५ साली निघाला. तीत कर्म आधी, मग क्रियापद आणि शेवटी कर्ता असा दुर्मिळ क्रम मुद्दाम योजला आहे. भारतात २०१५ च्या 'बाहुबली' चित्रपटातील कालकेय टोळीसाठी तमिळ गीतकार मदन कार्की यांनी 'किलिकी' तयार केली. तीत 'मिन' म्हणजे मी आणि तोच शब्द उलटा केला की 'निम' म्हणजे तू. युक्ती चटकदार आहे, परंतु ती 'च'च्या भाषेच्या अधिक जवळची वाटते.

निकष आणि अध्यापन

वरील उदाहरणांवरून एक निकष हाती येतो. ज्या रचनेतून तिची आधारभाषा वजा केली असता काहीच शिल्लक राहत नाही ती सांकेतिक बोली. ज्या रचनेला स्वतःचे ध्वनिनियम, रूपव्यवस्था आणि वाक्यरचना आहे ती भाषा, मग ती एकाच माणसाच्या वहीत का असेना. भाषा असण्यासाठी बोलणारे हवेतच असे मानणाऱ्यांना हा निकष पटणार नाही. परंतु रचनेचा विचार करताना तोच उपयोगी पडतो.

सोलापूर जिल्ह्यात याचे महत्त्व विशेष आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या आणि त्याच्या पुढील आवृत्त्यांच्या अंमलात अनेक भटक्या जमातींना तारेच्या कुंपणात वसविण्यात आले. सोलापुरातील 'सेटलमेंट' हे वस्तीचे नाव त्या इतिहासाची खूण आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या, परंतु त्यांच्या बोलण्याला 'चोरांची गुप्त बोली' समजण्याची वृत्ती पुष्कळ काळ टिकली. या जमातींत काही खुणेचे शब्द असतील, जसे व्यापाऱ्यांतही होते. पण कैकाडी ही द्राविड कुलातील, तमिळला जवळची भाषा आहे. पारधी ही भिल्ली-गुजराती गटातील. त्यांतून मराठी वजा केली तर पूर्ण भाषा उरते. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) या आत्मकथनातील कैकाडी शब्द वाचताना ही बाब ध्यानात ठेवली पाहिजे. उलट ज्या व्यापाऱ्यांच्या नंदभाषेतून मराठी वजा करता मूठभर शब्द उरतात, त्यांना ती गुप्त ठेवल्याबद्दल कोणी गुन्हेगार ठरविले नाही.

भाषाविज्ञानाच्या तासाला विद्यार्थ्यांकडून एक लहान भाषा रचून घेणे शक्य आहे. पन्नास मूळ शब्द, तीन ध्वनिनियम, आणि तेच शब्द दोन पिढ्यांतून चालविणे, एवढ्या साहित्यावर एक सत्र पुरते. दुसऱ्या पिढीत अनियमित रूपे आपोआप दिसू लागतात आणि 'दोन-बारा'चे कोडे विद्यार्थ्यांना आतून उलगडते. त्यानंतर घरी कैकाडी, पारधी, कन्नड, तेलुगू किंवा दखनी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांच्या इच्छेने त्यांच्या एखाद्या क्रियापदाची रूपे फळ्यावर मांडता येतील. मात्र इच्छा आधी विचारावी आणि ती एकांतात विचारावी. ज्या भाषेमुळे आजोबांना पोलीस चौकीत हजेरी द्यावी लागत होती, ती वर्गासमोर उच्चारायची की नाही हे त्या विद्यार्थ्याने ठरवायचे आहे.