चार अश्वमेधांचा वारसा

बळीच्या यकृतावरून रोमन शकुनज्ञ कौल कसा लावत, हे या आठवड्यात सांगायचे ठरले होते. ते पुढे ढकलतो. मागच्या भागातला ‘ऑक्टोबरचा घोडा’ वाचून रिसोडच्या एका वाचकांनी विचारले आहे, की हा तर आपला अश्वमेधच नव्हे का? प्रश्न मोलाचा आहे, आणि त्याचे उत्तर शोधायला वाशीमच्या बाहेर जावे लागत नाही. साम्य खरेच आहे. रोममध्ये शर्यत जिंकलेल्या रथाचा उजवीकडचा घोडा मार्स देवाला देत. शतपथ ब्राह्मणातही अश्वमेधाचा घोडा जुवाच्या उजव्या बाजूला सरस असावा, असे सांगितले आहे. ज्यॉर्ज द्युमेझिल यांनी यावरून दोन्ही विधींचे मूळ एक मानले. मूळ एक असेलही; पण विधी कोणाच्या मालकीचा, हे पाहिले की वाटा फुटतात.

वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तिथे 1939 साली मिळालेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट त्याच्या राज्यकाळाच्या 37व्या वर्षाचा, म्हणजे चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्यात आजोबा पहिला प्रवरसेन याचे अग्निष्टोम, आप्तोर्याम, वाजपेय असे यज्ञ ओळीने येतात आणि शेवटी चार अश्वमेध. नातवाच्या नावावर मात्र एकही अश्वमेध नाही. तो अथर्ववेदी ब्राह्मणांना नांदेडच्या बाजूचे एक गाव दान देतो. चार अश्वमेध ही कोरी बढाई असेल, अशी शंका कोणी घेईल. नाणेघाटात नागनिकेच्या लेखात गायी, हत्ती, कार्षापण यांची दक्षिणा आकड्यांनिशी कोरली आहे, तसा हिशेब इथे नाही, हे मान्य. पण पुराणांतही प्रवीर नावाने हा राजा येतो, 60 वर्षे राज्य केलेला आणि भरघोस दक्षिणा देऊन वाजपेय करणारा. इतक्या दीर्घ कारकिर्दीत चार अश्वमेध अशक्य नाहीत.

मग नातवाने का केला नाही? यज्ञांचा काळच सरला होता, हे उत्तर टिकत नाही. पाचव्या शतकात पहिल्या कुमारगुप्ताने अश्वमेधाची नाणी पाडली. वत्सगुल्मची धाकटी पाती दुबळी होती, हेही पुरेसे नाही. नंदिवर्धनच्या थोरल्या पातीचा दुसरा प्रवरसेनही आपल्या ताम्रपटांत पूर्वजाचेच चार अश्वमेध सांगतो. माझ्या मते कारण विधीतच आहे. वर्षभर मोकळा सोडलेला घोडा परतला, तरच राजाचे सार्वभौमत्व सिद्ध होई. तो पराक्रम ज्याचा त्याचा. वारसांकडे येते ती फक्त बिरुदावली.

रोममध्ये घोडा तारखेचा होता. कापलेली शेपटी रेजियात, म्हणजे राजाच्या जुन्या वास्तूत नेत आणि तिचे रक्त तिथल्या अग्नीवर ठिबकवत, म्हणून मुळात हा राजविधीच, असा आक्षेप येतो. तो मान्य केला तरी रोमन परंपरेनुसार इ.स.पू. 509मध्ये राजे गेले आणि घोडा राहिला. विंध्यशक्ती वत्सगुल्मात राज्य करत होता त्याच शतकातल्या, इ.स. 354च्या रोमन पंचांगात 15 ऑक्टोबरपुढे हा घोडा अजून नोंदलेला आहे. यकृताचे प्रकरण पुढच्या आठवड्यात नक्की.