तमालपत्र लावा, पण पान ओळखूनच भांड्यात टाका

उन्हाळा आला की वस्तीत मसाल्याची तयारी सुरू होते. मिरच्या वाळतात, धणे-खोबरे भाजले जाते आणि काळ्या मसाल्यासाठी तमालपत्र विकत आणले जाते. हे झाड घराजवळ डब्यातही वाढू शकते. पण ते लावण्याआधी एक गोष्ट घरातल्या लहान-थोर सर्वांनी शिकून घ्यावी, ती म्हणजे पानाची ओळख. कारण तमालपत्रासारखेच लांबट, जाड, गर्द हिरवे पान कण्हेरीलाही असते. कण्हेर आपल्याकडे रस्त्यांच्या दुभाजकांवर, शाळा-कचेऱ्यांच्या आवारात आणि घरांच्या कुंपणाला सर्रास दिसते. तिचे पान, फूल, साल, मूळ सगळेच विषारी आहे. पान वाळवले किंवा उकळले तरी विष जात नाही.

तमालपत्र कसे ओळखावे?

बाजारात मिळणाऱ्या आपल्या तमालपत्राचे झाड हिमालयाच्या पायथ्याचे आणि मेघालयाकडचे. त्याच्या पानावर देठाकडून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा असतात. कोकणात दालचिनीचे पानही असेच वापरतात, तेही तीन शिरांचे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' ही दालचिनीची जात प्रसिद्ध आहे. तिसरे झाड भूमध्य समुद्राकडचे 'बे लॉरेल'. त्याच्या पानाला मधोमध एकच ठळक शीर असते आणि ते थोडे आखूड असते. काही रोपवाटिकांत 'ऑल स्पाइस'चे रोपही तमालपत्र म्हणून देतात. त्याच्या पानाला लवंगेसारखा वास येतो.

ही चारही पाने चुरगाळली की मसाल्याचा वास येतो. कण्हेरीच्या पानाला तो वास नसतो. कण्हेरीची पाने अरुंद असतात, बहुधा एका पेरावर तीन-तीन येतात, मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंना बारीक शिरा दाट ओळीने निघतात आणि पान तोडले की चीक येतो. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हीसुद्धा तितकीच घातक. तिच्या बिया मुले खेळायला घेतात, त्या तोंडात जाऊ देऊ नका.

नियम सोपा आहे: रस्त्याकडेचे, कोणी ओंजळभर आणून दिलेले, ओळख नसलेले पान भांड्यात टाकायचे नाही.

डब्यातले झाड

आपला नगर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. अकोले तालुक्याचा घाटमाथा सोडला तर पाऊस कमी आणि उन्हाळा कडक. तमालपत्र आणि दालचिनीला ओलसर हवा मानवते, म्हणून त्यांना सावली आणि नियमित पाणी द्यावे लागते. बे लॉरेल एकदा रुजले की कोरडी हवा बरी सोसते, पण वाढते फार सावकाश. फांदी लावून रोप करणे कठीण आहे, म्हणून खात्रीच्या रोपवाटिकेतून रोप घ्या आणि पैसे देण्याआधी एक पान चुरगाळून वास बघा.

तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा चालतो. कीटकनाशकाचा किंवा रंगाचा डबा कधीही घेऊ नका. तळाला पाच-सहा भोके पाडा आणि त्यावर विटांचे तुकडे पसरा. आपली काळी माती पाणी धरून ठेवते व मुळे कुजतात, म्हणून दोन भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत मिसळा. डबा सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी ठेवा. एप्रिल-मेमध्ये पत्रा तापून मुळे भाजतात, तेव्हा डब्याभोवती गोणपाट गुंडाळा.

मातीत बोट खुपसून बघा. वरचा थर कोरडा लागला तरच पाणी घाला. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी चालते, पण साबणाचे किंवा भांडी घासलेले पाणी रोज घालू नका. डब्याखाली ताटली असेल तर तिच्यात पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून आठवड्यातून एकदा ताटली घासून कोरडी करा.

पानांमागे पांढरे किंवा तपकिरी खवले दिसले की थोड्या साबणाच्या पाण्यात फडके भिजवून पुसून काढा, मग साध्या पाण्याने धुवा. शेतात फवारायचे औषध या झाडावर मारू नका, कारण हे पान थेट जेवणात जाते. शेंडा खुडत राहिलात तर झाड कमरेएवढे आणि भरगच्च राहते.

तोडणे आणि वापरणे

पहिली दोन वर्षे पाने तोडण्याची घाई करू नका. नंतर जून पाने थोडी थोडी काढा, धुवा आणि सावलीत कुरकुरीत होईपर्यंत वाळवा. आमटी-भातातले अख्खे पान शिजूनही मऊ होत नाही. वाढण्याआधी ते काढून टाका, नाहीतर मुलांच्या व म्हाताऱ्यांच्या घशात अडकू शकते. तमालपत्राचे पाणी पिऊन साखरेच्या आजाराची गोळी बंद करणेही धोक्याचे. पान चवीसाठी आहे, औषधाची जागा ते घेत नाही.

कण्हेर पोटात गेली तर

उलटी, पोटदुखी, जुलाब, चक्कर, नाडी मंद किंवा अनियमित होणे ही लक्षणे दिसू शकतात. ती दिसण्याची वाट पाहू नका. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. लगेच 108 ला फोन करा किंवा जवळचे सरकारी रुग्णालय गाठा, आणि खाल्लेले पान किंवा बी सोबत न्या. विषाचा परिणाम हृदयावर होतो, म्हणून माणूस बरा दिसला तरी ईसीजी काढून घ्या. छाटलेली कण्हेर चुलीत घालू नका, तिचा धूरही घातक असतो.

दारात जागा नसेल तर एक झाड विहाराच्या अंगणात सर्वांचे म्हणून लावता येईल. त्याला नावाची पाटी लावा आणि मुलांना एकेक पान चुरगाळून वास घ्यायला सांगा. ज्या मुलाला खरे पान ओळखता येते, ते खोटे पान घरात आणणार नाही.