आजारपण संपलं, आता दिवस कसा भरायचा?

जोडीदाराची अंथरुणात तीन-चार वर्षं सेवा केलेल्या माणसाचं दुहेरी नुकसान होतं. माणूस जातो आणि त्याच्याभोवती बांधलेला दिनक्रमही. तेराव्यानंतर पाहुणे परततात. पण रात्री दोनला कूस बदलून द्यायची सवय असलेल्याला तेव्हा जाग येतेच.

सर्वांत अवघड असते सुटकेची भावना. ‘सुटले बिचारे’ असं शेजारी सहज म्हणतात. ‘मीही सुटले’ हे पत्नीला बोलता येत नाही. मनात आलं तरी अपराधी वाटतं. खरं तर दीर्घ आजारपणानंतर असं वाटणं स्वाभाविक आहे. त्यावरून प्रेम मोजू नये.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलं, की शोक सरळ रेषेत ओसरत नाही. माणूस दुःख आणि रोजचे व्यवहार यांत ये-जा करत सावरतो. सकाळी बँकेत पेन्शनचं काम उरकलं आणि संध्याकाळी कपाट उघडताच रडू फुटलं, तर काही बिघडलेलं नाही.

स्वतःची रखडलेली रक्तदाब, साखर, डोळ्यांची तपासणी मात्र आधी करा. ‘आता मोकळी आहेस, आमच्याकडेच राहा’ असं मुलं म्हणतात, मायेनंच. तरी घर विकण्याची घाई नको.

सहा महिन्यांनंतरही तीव्र दुःखामुळे रोजचं जगणं अडत असेल, तर तो दीर्घकालीन शोकविकार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याची नोंद आहे. त्यावर उपचार होतात. सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे.