जुना फोटो नवा करताना

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजी-आजोबांचा एकच फोटो असतो. तोही डागाळलेला, कोपरा फाटलेला. संगणकावर तो दुरुस्त करून मोठा छापता येतो. त्यासाठी आम्ही काही गोष्टी सुचवतो.

मोबाइलने फोटोचा फोटो काढण्यापेक्षा मूळ फोटो स्कॅन करून घ्यावा. २ बाय २.५ इंचांचा फोटो इंचाला १२०० ठिपक्यांनी स्कॅन केला की २४०० बाय ३००० ठिपके मिळतात. छपाईला इंचाला ३०० ठिपके पुरतात. म्हणजे ८ बाय १० इंचांची तसबीर होते. मात्र मूळ फोटोच अस्पष्ट असेल, तर मोठा केल्याने तो स्पष्ट होत नाही. हल्लीची काही साधने अशा चेहऱ्यात नाक-डोळे अंदाजाने भरतात. तेव्हा मूळ फोटोशी ताडून पाहावे.

डाग, ओरखडे जरूर काढावेत. पण रंग उजळू देऊ नये, गोंदण, सुरकुत्या पुसू देऊ नयेत. उन्हात राबलेली आजी गोरी करून भिंतीवर लावली, तर नातवंडांना आपली आजी कळणार कशी? आम्हाला आमची माणसे होती तशीच हवीत.

तसबीर उन्हाच्या जागी लावू नये आणि मूळ फोटो कधीही टाकू नये.