लॉर्ना परत गायली

मैत्रिणींनो, संगमेश्वरला मडगावकडची गाडी पकडली की काही तासांत गोवा येतो. तिथल्या गाण्यांशी मात्र आपली फारशी ओळख नाही. आपण भजनं म्हणणाऱ्या, नमन-खेळे बघणाऱ्या. जॅझ म्हटलं की ते आपलं नव्हेच, असं वाटतं. पण १९५१च्या ‘अलबेला’तली सी. रामचंद्रांची गाणी आठवा! त्यांच्यासाठी ट्रम्पेट वाजवणारा चिक चॉकलेट गोव्याचाच. हे गोवेकर वादक दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायचे आणि रात्री मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायचे.

ख्रिस पेरी त्यातलाच. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन तर वाजवायचाच, शिवाय कोंकणी गाणी रचायचा. त्याच्या बँडची गायिका लॉर्ना कोर्देरो, जन्म १९४६चा. आवाज असा भरदार की ट्रम्पेटपुढेही दबत नसे. मला तिचं ‘बेबदो’ आवडतं. बेबदो म्हणजे आपला बेवडा हो! दारुड्यावरचं गाणं, आणि तरी पाय थिरकतात. नवऱ्याच्या दारूने गांजलेल्या बायका मी कामानिमित्त रोज बघते. त्यांना या गाण्यावर हसू येईल का, कोण जाणे.

सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला दोघांचं बिनसलं. ख्रिस पेरी विवाहित होता. वीस वर्षं दुसऱ्या कुणाबरोबर गायचं नाही, असा करार त्याने तिच्याकडून करून घेतला होता, असं सांगतात. करार असो नसो, लॉर्ना गायची थांबली ती जवळजवळ चोवीस वर्षं. गाणी घराघरांत वाजत होती, लग्नांत लोक त्यांवर नाचत होते, आणि गाणारी गप्प!

आमच्या महिला मंडळात कुणाला “गा गं” म्हटलं की हमखास उत्तर येतं, “लग्नाआधी गायचे हो, आता कुठलं!” तिथे कागदावर करार नसतो, एवढाच फरक.

लॉर्नाला पुन्हा उभं केलं ते रॉनी मोन्सेरात या संगीतकाराने. १९९५ साली गोव्यात ती परत रंगमंचावर आली तेव्हा पन्नाशीला टेकली होती. लोकांना तिची गाणी तोंडपाठ होती. ख्रिस पेरी २००२ साली वारला. दोघांच्या गोष्टीवरून सुचलेला ‘नाचुया कुंपासार’ हा कोंकणी सिनेमा २०१४ साली आला. त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. कोंकणी आपल्याला अर्धीअधिक कळतेच, मिळाला तर जरूर बघा.