भाटकाराच्या जमिनीवरचे संकेतस्थळ

मुंडकार म्हणजे काय, हे सुर्ल्यासारख्या गावातून बाहेर पडलेल्या कुटुंबांना सांगावयास नको. घर आपण बांधावयाचे, शाकारावयाचे. पण जमीन भाटकाराची. १९७५च्या मुंडकार कायद्याने त्याला बेदखलीपासून संरक्षण दिले. संगणकाच्या दुनियेत मात्र असा कायदा नाही.

डिचोली तालुक्यातील या गावच्या एखाद्या मंडळाला उत्सवाचे वृत्त आणि उत्सवी नाटकांची जुनी छायाचित्रे बेळगाव-मुंबईच्या गाववाल्यांपर्यंत पोहोचवावयाची असतील, तर संकेतस्थळ काढताना पहिला प्रश्न हाच: जमीन कोणाची?

विक्स, स्क्वेअरस्पेस या कंपन्या आयते घर देतात. भाडे भरले की एका संध्याकाळी पाने उभी राहतात. डागडुजी व सुरक्षितता त्यांच्याकडे. ही सोय थोडी नव्हे. परंतु विक्सवर उभारलेले स्थळ उचलून दुसऱ्याच्या सर्व्हरवर नेता येत नाही, हे ती कंपनीच सांगते. भाडे वाढले तर मुकाट्याने भरावे, अथवा पुन्हा पायापासून बांधावे. आणि मालकानेच दुकान बंद केले तर? याहूने १९९९मध्ये विकत घेतलेले जिओसिटीज २००९मध्ये, जपान वगळता, बंद झाले. हौसेने रचलेली असंख्य पाने त्याबरोबर गेली.

द्रुपल (२००१) व वर्डप्रेस (२००३) या प्रणाली खुल्या परवान्याच्या आहेत. एका सर्व्हरवाल्याशी पटले नाही, तर बिऱ्हाड दुसरीकडे हलविता येते. परदेशस्थ मराठी वाचकांची ‘मायबोली’ १९९६मध्ये सुरू झाली तेव्हा द्रुपल जन्मलेही नव्हते. पुढे तिने त्याचाच आश्रय घेतला.

तथापि स्वतःच्या जमिनीला कुंपणही स्वतःच घालावे लागते. नव्या आवृत्त्या वेळेवर चढविल्या नाहीत, तर चोर शिरतात. शिवाय वर्डप्रेसच्या निर्यात-फाइलीत मजकूर येतो, पण छायाचित्रांचे केवळ पत्ते येतात. ती निराळी उतरवून घ्यावी लागतात. पानांच्या मांडणीसाठी घेतलेली एखादी पुरवणी काढून टाकावी, तर मजकुरात चौकोनी कंसांतील खुणांचा पसारा तेवढा उरतो. म्हणजे येथेही छोटे भाटकार आहेतच!

माझे मत विचाराल, तर महिन्याकाठी लक्ष घालणारा माणूस मंडळात नसेल, तर खुशाल आयते घर घ्यावे. मात्र स्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, कंपनीच्या किंवा हौशी भाच्याच्या नव्हे, मंडळाच्याच नावे नोंदवावे. मग घर बदलले तरी पत्ता तोच राहतो. मूळ छायाचित्रे व मजकूर यांची एक प्रत, दरवर्षी उत्सव आटोपल्यावर, मंडळाच्या कपाटात ठेवावी.