गोदामातली हवा

धान्याचे गोदाम तुम्ही पाहिले असेल. वर पत्रे, खाली पोत्यांच्या थप्प्या. वैशाखात पत्रा तापतो. वारा आत येत नाही. पाठीवर पन्नास किलोचे पोते घेऊन हमाल म्हणतो, "मुकादम, आत जीव घुसमटतोय." मुकादम म्हणतो, "रोजचंच आहे रे ते!" खरे कोणाचे? ते मोजून पाहता येते.

आपल्या अंगाची ऊब सुमारे ३७ अंश असते. कष्टाने ती वाढते. मग घाम येतो. घाम वाळला की अंग गार होते. माठातले पाणीही असेच गार होते. माठ पाझरतो, पाणी वाळते, माठ गार पडतो. पण पावसाळ्यात हवा दमट असते. पाणी लवकर वाळत नाही, मग माठ फारसा गार होत नाही. घामाचेही तसेच आहे.

म्हणून हवेचे दोन तापमापक घ्यावे. ताप पाहण्याची नळी इथे चालत नाही. एक कोरडा ठेवावा. दुसऱ्याच्या टोकाला ओले सुती कापड गुंडाळावे. माणसे काम करतात तिथेच, छातीइतक्या उंचीवर दोन्ही टांगावे आणि वारा घालावा. ओल्याचा आकडा उतरतो. पुष्कळ उतरला, तर घाम वाळेल. दोन्ही आकडे जवळजवळ राहिले, तर वाळणार नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याखालच्या नियमांत ओल्याचा आकडा ३० अंशांवर जाऊ नये, असे ठरवले होते.

आकडा चढला तर काय करावे? समोरासमोरची दारे व झरोके उघडावे. जड काम सकाळी उरकावे. मधूनमधून सावलीत बसावे, पाणी प्यावे. कोणी भोवळ येऊन पडला किंवा भलतेच बोलू लागला, तर त्याला सावलीत न्यावे. अंग भिजवून वारा घालावा आणि लगेच दवाखाना गाठावा.

उकाडा निदान अंगाला कळतो. विषारी हवा कळतेच असे नाही. कीड मारायला गोदामात गोळ्या ठेवून धुरी देतात. त्यांतून फॉस्फिन नावाचा विषारी वायू निघतो. त्याला लसणासारखा वास येतो. पण वास नाही म्हणजे वायू नाही, असे समजू नका. आधी दारे उघडून हवा खेळू द्यावी. जाणत्या माणसाने यंत्राने वायू मोजावा. मगच आत पाऊल टाकावे.

पोते आपण तोलून घेतो. पोत्याचे वजन चुकले तर पैसा जातो. हवा मोजायची राहिली तर माणूस जातो.